एका आजींचं बीपी आणि चौथी गोळी

रक्तदाब मोजायला शिकवताना मी हे प्रकरण नेहमी घेते. कुटुंबाची परवानगी आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. आकडे आणि घटनांचा क्रम फायलीतलाच आहे.

पार्श्वभूमी

आजींचं वय ६८. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका मोठ्या गावात धाकटा मुलगा, सून आणि नातीसोबत राहतात. थोरला मुलगा पुण्यात. अंग भरलेलं, गुडघे दुखरे, सकाळी चहाआधी मिशरी लावायची जुनी सवय. बीपी निघाल्याला बरीच वर्षं झाली होती आणि अम्लोडिपिन ५ मिलिग्रॅमच्या रोजच्या एका गोळीवर ते बऱ्यापैकी ताब्यात होतं. गावातल्या डॉक्टरांच्या जुन्या चिठ्ठ्यांवर १३६, १४०, १४२ असे वरचे आकडे दिसतात.

गेल्या हिवाळ्यात चित्र बदललं. एका भेटीत १६८/९२ आलं, म्हणून टेल्मिसार्टन ४० जोडली. पुढच्या वेळी १७४/९० आलं, म्हणून लघवीवाटे मीठ-पाणी काढणारी क्लोरथॅलिडोन १२.५ सुरू झाली. त्यानंतर १७८/८८. आता अम्लोडिपिन ५ ची १० झाली. घोट्यांवर सूज आली, पण अम्लोडिपिनची मात्रा वाढली की ती बऱ्याच जणांना येते, त्यामुळे कुणाला नवल वाटलं नाही. सगळ्या गोळ्या आजी रात्री जेवणानंतर एकदमच घ्यायच्या, कारण सकाळच्या गडबडीत विसरायला होतं.

मग एका पहाटे बाथरूमला जायला उठल्या आणि दारातच कोसळल्या. कपाळावर खोक पडली, टाके घालावे लागले.

अडचण काय होती

आजींच्या बीपीचे चार ठिकाणचे चार आकडे होते, आणि एकाचा दुसऱ्याशी मेळ नव्हता.

गावातल्या डॉक्टरांकडे १७८/८८. थोरल्या मुलाने पाठवलेल्या मनगटावरच्या मशीनवर कधी १५५ तर कधी १९०. आशाताई उपकेंद्रात घेऊन गेल्या तेव्हा सिस्टरनी मोजलेलं १४८/८२. आणि पडल्यानंतर ग्रामीण रुग्णालयात टाके घालताना नोंदवलेलं ११२/६४, त्याच्यापुढे ‘बीपी नॉर्मल’ असा शेरा.

घरच्यांनी यातला सगळ्यात मोठा आकडा खरा मानला. भीतीपोटी माणूस तेच करतो. ‘सरकारी मशीन बिघडलेलं असणार’ यावर फोनवरून एकमतही झालं. गावातल्या डॉक्टरांचा तर्क वेगळा, पण दिशा तीच: तीन औषधांवरही बीपी १७८ राहतंय आणि आता चक्कर येऊन पडल्या, म्हणजे मेंदूला धोका आहे, चौथी गोळी लागणार. प्राझोसिनची चिठ्ठी लिहून तयार होती.

इथे डॉक्टरांना नावं ठेवणं सोपं आहे, पण त्यांच्या टेबलावर जेवढं होतं तेवढ्यावरून निष्कर्ष चुकीचा नव्हता. लागोपाठच्या भेटींत चढते आकडे, रुग्ण वयस्क, गोळ्या नियमित. चूक असलीच तर ती आकडा तयार होण्याच्या रीतीत होती, आणि ती रीत कुणी तपासलेली नव्हती. प्राझोसिन मात्र धोक्याची ठरली असती. या औषधाच्या पहिल्या मात्रेनंतर उभं राहिल्यावर दाब एकदम घसरू शकतो, आणि आजी पडल्या होत्या त्या उभं राहतानाच. ही संगती चौथी गोळी लिहिण्याआधी लागायला हवी होती.

सुनेने गोळी आणायच्या आधी दुसरा सल्ला घ्यायचं ठरवलं आणि सासूबाईंना एसटीने जिल्ह्याच्या गावी एका फिजिशियन मॅडमकडे नेलं. जाताना चिठ्ठ्या, गोळ्यांचा डबा आणि मनगटाचं मशीन सगळं पिशवीत घेतलं. या पिशवीने पुढे बरंच काम केलं.

समोर असलेले पर्याय

मॅडमपुढे चार वाटा होत्या.

चौथं औषध जोडायचं, किंवा त्यासाठी दाखल करून घ्यायचं. बीपी खरोखर १७८ असेल तर यात वेळ दवडणं बरं नव्हे.

सगळ्या गोळ्या बंद करून बघायचं. ही शेजारणीची सूचना, आणि सुनेला ती मनातून पटलेली. पण आजींना खरं उच्च रक्तदाबाचं दुखणं जुनं होतं. सगळं एकदम थांबवणं म्हणजे एका टोकावरून दुसऱ्या टोकावर जाणं.

चोवीस तासांचं मापन करायचं. दंडावर पट्टा बांधून घरी पाठवतात, मशीन दिवसा साधारण दर १५ ते ३० मिनिटांनी आणि रात्री जरा अंतराने आपोआप दाब नोंदवतं. दवाखान्यात आल्यामुळे वाढणारं बीपी ओळखायची ही सगळ्यात खात्रीची पद्धत. पण ती सोय पुण्याला होती, खर्च होता, आणि एवढ्या रुंद दंडाला बसेल असा पट्टा तिथे मिळेलच याचा भरवसा नव्हता.

चौथी वाट साधी: इथेच नीट मोजायचं, बसून, झोपून, उभं करून, रक्ताच्या तपासण्या करायच्या, आणि मग आठवडाभर घरी मोजायला लावायचं. मॅडमनी ही निवडली. त्यांचा हिशोब असा, की आज तातडीचं लक्षण एकही नाही. छातीत दुखत नाही, बोलणं अडखळत नाही, दम नाही, नजर धूसर नाही. म्हणजे अर्धा तास मोजण्यात घालवायला हरकत नाही. यातलं एक जरी लक्षण असतं तर हा पर्याय उरला नसता.

तो अर्धा तास

आधी त्यांनी सुनेला विचारलं, गावात नेमकं कसं मोजतात ते दाखवा. आजी टेकू नसलेल्या स्टुलावर बसल्या, हात बाजूला लोंबता, पोलक्याची घट्ट बाही वर सरकवलेली, वर नेहमीचा पट्टा, आणि ‘काय म्हणतात गुडघे?’ या प्रश्नाला त्यांचं सविस्तर उत्तर चालू. आकडा आला १७२/९०. गावातल्या आकड्याच्या जवळपास तोच.

मग मांडणी बदलली. पडद्याआड सैल झगा घातला. वर सरकवून आवळलेली बाही दंडाला आधीच करकचते, आणि आपल्याकडच्या बायकांच्या बाबतीत ही अडचण रोजची आहे. पाठ टेकेल अशी खुर्ची दिली. पाय जमिनीला पुरेनात, तर सिस्टरनी खाली लाकडी पाट सरकवला. लघवीला जाऊन यायला सांगितलं. हात टेबलावर, दंडाचा मध्य हृदयाच्या पातळीला. मग टेपने दंडाचा घेर मोजला: ३७ सेंटिमीटर.

नेहमीच्या पट्ट्यावर छापलेलं होतं २२ ते ३२. पट्ट्याच्या कडेला एक खुणेची रेघ असते आणि ती आतल्या बाजूच्या दोन खुणांच्या मधे पडायला हवी. आजींच्या दंडावर ती पोचतच नव्हती. या तीन रेघा बहुतेक पट्ट्यांवर छापलेल्या असतात आणि फारसं कुणी त्या वाचत नाही.

पट्ट्याच्या आत रबरी पिशवी असते. ती फुगते, दंडातली रोहिणी दाबून बंद करते, आणि हवा सोडताना कोणत्या दाबाला रक्त पुन्हा वाहू लागतं ते आपण बघतो. पिशवी दंडाच्या मानाने अरुंद किंवा आखूड असेल तर तिचा दाब आतल्या रोहिणीपर्यंत पुरता पोचत नाही, तिला जास्त फुगवावं लागतं, आणि तो जादा दाब रुग्णाच्या नावावर लिहिला जातो. पिशवीची रुंदी दंडाच्या घेराच्या ४० टक्के आणि लांबी ८० टक्के असावी असा नियम आहे. ही गोष्ट नवी नाही. रिवा-रॉची यांनी १८९६ मध्ये इटलीत पट्ट्याचं उपकरण आणलं तेव्हा त्यांचा पट्टा फारच अरुंद होता, आणि १९०१ मध्ये जर्मनीत फॉन रेक्लिंगहाउझेन यांनी तो रुंद करायला लावला. कोरोटकॉफ यांनी स्टेथोस्कोपने ऐकायची पद्धत सांगितली ती त्यानंतर, १९०५ मध्ये. म्हणजे आवाज ऐकायला शिकण्याच्या आधीच पट्ट्याची गडबड माहीत झाली होती, आणि आपण अजून सगळ्यांना एकच पट्टा बांधतो.

पाच मिनिटं गप्प बसवून मोठ्या पट्ट्याने तीनदा मोजलं. पहिला आकडा सोडून उरलेल्या दोनांची सरासरी १५०/८०.

१७२ वरून १५०. हा सगळा फरक पट्ट्याचा असं विद्यार्थी लगेच म्हणतात. त्यांना मी थांबवते. एसटीचा प्रवास आणि जिना चढून आलेल्या बाईला अर्धा तास बसवलं तर बीपी तसंही उतरतं. लोंबत्या हाताचे पाच-सात अंक, बोलण्याचे काही, पट्ट्याचे काही. कोणाचे किती हे या एका मापनावरून वेगळं काढता येत नाही. उपचारासाठी त्याची गरजही नव्हती.

पिशवीतलं मनगटाचं मशीनही मॅडमनी लावून बघितलं. आजी मनगट मांडीवर ठेवून मोजायच्या. हात हृदयाच्या जेवढा खाली, तेवढा रक्ताच्या स्तंभाचा भार आकड्यात मिसळतो. दर १० सेंटिमीटरला साधारण ७ ते ८ अंक. मांडीवरचं मनगट हृदयाच्या वीस-पंचवीस सेंटिमीटर खाली असतं. म्हणजे पुण्याहून आलेलं मशीन चांगलं असूनही घरात रोज पंधरा-वीस अंक फुकट वाढत होते.

इसीजी काढला. बीपीची डिजिटल मशिनं आवाज ऐकत नाहीत. पट्ट्यातल्या हवेची कंपनं मोजतात, कंपन सगळ्यात मोठं असतं तिथे सरासरी दाब धरतात आणि वरचा-खालचा आकडा कंपनीच्या गणिताने काढतात. ठोके अनियमित असतील तर ते गणित भरकटतं. आजींचे ठोके नियमित होते, तेव्हा ही शंका मिटली.

शेवटचं माप निर्णायक ठरलं. पाच मिनिटं आडवं झोपवून १५२/८०. मग उभं केलं, सिस्टर शेजारी. पहिल्या मिनिटाला ११८/६६. आजींनी टेबलाची कड धरली, ‘अंधारी आली गं’ म्हणाल्या आणि बसल्या. नाडी ७२ वरून जेमतेम ७८ झाली होती.

उभं राहिलं की अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त रक्त पोट-पायांकडे उतरतं. मानेतली आणि महारोहिणीच्या कमानीतली दाब ओळखणारी मज्जातंतूंची टोकं ते क्षणात टिपतात, रक्तवाहिन्या आवळल्या जातात, हृदय वेगाने चालतं आणि आपल्याला काही जाणवत नाही. वयाबरोबर ही यंत्रणा मंदावते. त्यात रक्तवाहिन्या सैल करणारी औषधं आणि शरीरातलं पाणी कमी करणारं औषध, तेही रात्री एकदम. उभं राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर त्याला दोष मानतात; आजींचा वरचा ३४ ने उतरला. ग्रामीण रुग्णालयातला ११२/६४ हा आकडा, ज्याला घरच्यांनी बिघडलेलं मशीन ठरवलं होतं, तो बहुधा या सगळ्या कहाणीतला सगळ्यात प्रामाणिक आकडा होता.

काय केलं

मॅडमनी गोळ्यांचा डबा टेबलावर ओतला. बीपीच्या पानांमधे एक वेगळं पान निघालं: डायक्लोफेनॅक. गुडघ्यांसाठी मेडिकलमधून आणलेलं, थंडी सुरू झाल्यापासून रोज सकाळ-संध्याकाळ. ‘ती बीपीची नाही, म्हणून सांगितली नाही,’ हे आजींचं म्हणणं अगदी बरोबर होतं. त्यांना कुणी तसं विचारलंच नव्हतं. या जातीच्या वेदनाशामक गोळ्या मूत्रपिंडाला मीठ-पाणी धरून ठेवायला लावतात, बीपी चढवतात आणि टेल्मिसार्टन, क्लोरथॅलिडोन दोघांचाही जोर कमी करतात. शिवाय ही तिन्ही औषधं एकत्र म्हणजे मूत्रपिंडावर आघात. हिवाळ्यात चढलेल्या बीपीचा हा निदान एक खरा भाग होता. बीपी काही सगळं मोजण्यातूनच वाढलेलं नव्हतं.

त्या दिवशी डायक्लोफेनॅक बंद झालं, अम्लोडिपिन पुन्हा ५ वर आलं, टेल्मिसार्टन तशीच ठेवली. क्लोरथॅलिडोनचा निर्णय रक्ताचा रिपोर्ट येईपर्यंत थांबवला. दुसऱ्या दिवशी फोन गेला: सोडियम १२८, जे १३५ च्या वर हवं, आणि मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन १.३. क्लोरथॅलिडोन त्याच दिवशी बंद. वयस्क बायकांमध्ये या गटाच्या औषधांनी सोडियम उतरणं अपरिचित नाही, आणि गळल्यासारखं वाटणं, तोल जाणं त्यानेही होतं. आजी महिनाभर ‘अंगात त्राण नाही’ म्हणत होत्या, ते वयावर ढकललं गेलं होतं.

दोन दिवसांत तीन औषधं हलवली तर कशाने काय झालं हे कळणार कसं? प्रयोग म्हणून ही पद्धत वाईट आहे. पण पुन्हा पडून खुबा मोडण्याची भीती समोर असताना एकेक औषध महिन्याच्या अंतराने कमी करत बसणं मला तरी पटलं नसतं.

घरासाठी दंडावरचं, मोठ्या पट्ट्याचं मशीन घेतलं. सात दिवस, सकाळी गोळीआधी दोनदा आणि संध्याकाळी दोनदा, मधे एक मिनिट. पहिला दिवस धरायचा नाही, उरलेल्यांची सरासरी. घरच्या मापनात १३५/८५ ही सीमा, दवाखान्यातल्या १४०/९० ऐवजी. वहीचं काम नववीतल्या नातीकडे. तिने आपणहून एक जादा रकाना आखला: ‘मोजायच्या आधी आजी काय करत होती’.

पुढे काय झालं

पहिल्या आठवड्याची सरासरी १४१/७८. सकाळचे आकडे १५० च्या आसपास, संध्याकाळचे १३२-१३४. जादा रकान्यात सकाळी रोज एकच शब्द: मिशरी. तंबाखूतल्या निकोटिनने दाब काही वेळ चढतो. मॅडमनी मिशरीच्या आधी मोजायला सांगितलं आणि सकाळचे आकडे १४० च्या खाली आले. मिशरी सोडण्याचं बोलणं तेव्हापासून चालू आहे. आजी दोनदावरून एकदावर आल्या आहेत, त्यापुढे हलत नाहीत.

दोन महिन्यांनी दोन औषधांवर घरची सरासरी १३३/७६, उभं राहिल्यावर घसरण १२ अंकांची, अंधारी नाही. सोडियम १३६, क्रिएटिनिन १.०. घोट्यांची सूज गेली. गुडघ्यांसाठी पॅरासिटामॉल, शेक आणि मांडीच्या स्नायूंचे व्यायाम. दुखणं आहे, पण चालतं. जेवणातलं मीठ कमी झालं म्हणतात. लोणच्याची बरणी मात्र ताटाजवळून हललेली नाही, असं सून सांगते.

गावातल्या दवाखान्यात आकडा अजूनही १५० च्या आसपास येतो. फरक इतकाच, की डॉक्टर आता आधी वही बघतात. त्यांनी मोठा पट्टा मागवला. पाच मिनिटं बसवण्यावर त्यांचा आक्षेप होता आणि तो खरा होता: ‘बाहेर साठ पेशंट असताना कुणाकुणाला बसवू?’ त्यावर तोड निघाली ती अशी, की बीपीच्या पेशंटला कंपाउंडर बाहेरच्या टेकूच्या खुर्चीत बसवतो, आणि आधीचे दोन पेशंट होईपर्यंत पाच मिनिटं आपोआप होतात.

वेगळं काय करता आलं असतं

पहिली जागा हिवाळ्यातली, १६८/९२ आलं तेव्हाची. वर्षानुवर्षं एका गोळीवर स्थिर असलेलं बीपी अचानक चढलं तर ‘नवीन काय सुरू केलंत?’ हा प्रश्न गोळीच्या आधी यायला हवा. ‘इतर कुठली औषधं?’ असं विचारलं की लोक नाही म्हणतात. ‘गुडघ्याला काय घेता?’ असं विचारलं की पान निघतं.

दुसरी, क्लोरथॅलिडोन सुरू केली तेव्हाची. दोन ते चार आठवड्यांत सोडियम, पोटॅशियम आणि क्रिएटिनिन बघितलं असतं तर पडण्याच्या आधीच इशारा मिळाला असता. तालुक्याला ही तपासणी होते.

तिसरी, उपकेंद्रात. २०१७ च्या शेवटी सुरू झालेल्या भारत उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात महाराष्ट्र पहिल्या पाच राज्यांत होता, त्यामुळे गावागावांत डिजिटल मशिनं आणि नोंदीची कार्डं पोचली आहेत. सिस्टरनी मोजलेलं १४८/८२ कार्डावर व्यवस्थित होतं. ते खाजगी दवाखान्यात कुणी नेलं नाही आणि कुणी मागितलंही नाही. दोन आकड्यांत ३० चा फरक दिसता तर कुणीतरी थबकलं असतं. अर्थात सिस्टरचा पट्टाही नेहमीच्याच मापाचा होता, तेव्हा १४८ सुद्धा थोडं फुगलेलंच असणार.

आणि उभं करून मोजणं. साठीपुढच्या, पडलेल्या किंवा तीन औषधांवरच्या माणसाला त्याला तीन मिनिटं लागतात. मॅडमनी आजींच्या फायलीवर उभ्याच्या आकड्यासाठी वेगळी ओळ आखली आहे.

चोवीस तासांचं मापन राहिलंय. दिवाळीत आजी पुण्याला थोरल्याकडे जातील तेव्हा ते करायचं ठरलं आहे, आणि पट्टा ३७ सेंटिमीटरच्या दंडाला पुरेल का हे मुलाने आधीच विचारून ठेवलंय. रात्रीची सरासरी १२०/७० च्या वर निघाली तर गोळ्यांचा विचार पुन्हा करावा लागेल.